उंची वाढली, गोळा तेवढाच

माझ्या बहिणीचा मुलगा पुण्यात नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात रोलर कोस्टरमध्ये बसतो. या पंथात ‘मजा आली’ असं मोघम बोललेलं चालत नाही. आधी उंची सांगायची, मग वेग, मग किती वेळा उलटे झालो ते. दिवाळीला तो आमच्याकडे रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात आला, की ओसरीवर बसून मला हे आकडे ऐकवतो. मी आपला मुलीच्या बापासारखा विचारतो, ‘उंची झकास आहे रे, पण स्वभाव कसा आहे?’

उंचीचं हे वेड त्याने आजोळहूनच उचललं असावं. रायपूर म्हणजे भाताच्या शेतांनी वेढलेलं सपाट मैदान. भोसल्यांच्या काळापासून इथे रुजलेल्या मराठी घरांत सह्याद्री भिंतीवरच्या कॅलेंडरपुरता. पोटात गोळा आणायचाच असेल तर संध्याकाळी सहा वाजता स्कूटरवरून आझाद चौक ओलांडावा, तिकीट लागत नाही. पण ज्याच्या नशिबी डोंगर नाही त्याला उंचीचं कौतुक जास्त.

त्याच्या हट्टाखातर एकदा मी आणि सौ. खोपोलीला गेलो. तिथल्या इमॅजिका या करमणूक बागेत २०१३ पासून ‘नायट्रो’ हा कोस्टर आहे. सुमारे चाळीस मीटर उंच, वेग ताशी १०५ किलोमीटर, आणि पायांखाली तळ नाही, पाय लोंबकळतात. त्यामुळे चपला काढून ठेवायच्या. सौ.ने लगेच विचारलं, ‘देवळासारख्या चोरीला जात नाहीत ना?’ मी डोळे मिटले ते उतरल्यावरच उघडले. तिने शेवटपर्यंत उघडे ठेवले. कसं वाटलं विचारल्यावर म्हणाली, ‘समोर डोंगर छान दिसत होते, पण मेल्याने नीट बघू दिले नाहीत.’

परतीच्या गाडीत वरच्या बर्थवर पडल्या पडल्या माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मुंबई–हावडा मेलसुद्धा मोकळ्या रुळांवर साधारण त्याच वेगाने धावते. त्या वेगात माणसं डबा उघडून पोळी-भाजी खातात, लोणच्याचं तेल सांडत नाही, खालच्या बर्थवरचे काका तर घोरत होते. शरीराला वेग कळतच नाही. कळतो तो वेगातला बदल. आपल्या कानाच्या आतल्या पोकळीत बारीक खडे असतात, ते हलले की मेंदूला निरोप जातो की काहीतरी बिनसलं. किती किलोमीटरने बिनसलं, हे त्या खड्यांना कोणी शिकवलेलं नाही. त्यात गणितही कंजूष. पाळणा दुप्पट उंच केला तरी खाली येताना वेग दुप्पट होत नाही, जेमतेम एक पूर्णांक चार पट होतो. पोलाद मात्र भरमसाट लागतं.

हे मी भाच्याला ऐकवलं. तो म्हणाला, ‘मामा, तुम्ही किंगडा का बघितली नाहीत म्हणून असं बोलता.’

त्यानेही ती पाहिली होती ती मोबाइलवरच. अमेरिकेत न्यू जर्सीतली ‘किंगडा का’ ही कोस्टरांतली महामाया २००५ साली सुरू झाली. उंची १३९ मीटर, म्हणजे एकावर एक दोन कुतुबमिनार ठेवले तर जवळपास बरोबरी व्हायची. गाडी साडेतीन सेकंदांत ताशी दोनशेच्या वर वेग घ्यायची, सरळ आभाळात चढायची, सरळ खाली यायची आणि संपायची. सगळा कार्यक्रम अर्ध्या मिनिटाच्या आसपास. आमच्याकडे मंगलाष्टकाचं एक कडवंसुद्धा एवढ्यात आटपत नाही.

मला त्या यंत्रातली आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. कधीकधी गाडीला दिलेला रेटा कमी पडायचा. ती शेंड्याजवळ जायची, थबकायची आणि आल्या वाटेने उलटी खाली यायची. खाली ब्रेक तयार असत, कोणाला काही व्हायचं नाही. तर ज्यांच्या नशिबी हे आलं त्यांना बाकीचे शौकीन भाग्यवान समजत. जगातल्या सर्वांत उंच पाळण्यात बसायचं आणि तो वरपर्यंत पोचू नये म्हणून देव पाण्यात घालायचे! यानंतर उंचीच्या बाजूने काय युक्तिवाद उरतो, ते भाच्याने सांगावं.

त्याचीच माहिती त्याच्यावर उलटवायची मला वाईट खोड आहे. पेनसिल्व्हेनियात ‘फिनिक्स’ नावाचा एक लाकडी कोस्टर आहे. १९४७ साली टेक्ससमध्ये बांधलेला. तिथली बाग बंद पडल्यावर तो फळी फळी सुटी करून आणला आणि १९८५ साली पुन्हा उभा केला. उंची जेमतेम २४ मीटर, नायट्रोच्याही खाली. तरी लाकडी कोस्टरांत सर्वोत्तम म्हणून जाणकारांनी त्याला अनेकदा निवडलंय. का, तर तो दर उंचवट्यावर माणसाला बाकावरून अलगद उचलतो, आणि डोक्यावरची तुळई आता टाळकं घेऊन जाते असं वाटत असतानाच खाली बुडी मारतो. माझ्या मते भीतीला ओळखीचं माप लागतं. १३९ मीटरवरून खालची माणसं मुंग्यांएवढी दिसतात, आणि मुंग्यांना कोण भितं? दोन मजल्यांवरून मात्र खालच्या माणसाच्या शर्टाची बटणं दिसतात. आपली किती हाडं मोडतील याचा चोख हिशेब मनात होतो.

शिवाय या पंथाची एक गोम आहे. आयुष्यात एकूण किती कोस्टर झाले याची प्रत्येकाची वही असते. त्या वहीत किंगडा काची नोंद एक, आणि पाच वर्षांच्या पोरांना फिरवणाऱ्या सुरवंटाच्या गाडीचीही एकच. त्यामुळे परदेशात पोट सुटलेले पन्नाशीचे गृहस्थ गुडघे हनुवटीला लावून सुरवंटात बसलेले दिसतात म्हणे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये बातमी आली की किंगडा का कायमची बंद. भाचा आमच्याकडेच होता. तो जेवेना. सौ.ने मला हळूच विचारलं, ‘अहो, कोण गेलं?’ मी सांगितलं. ती म्हणाली, ‘मग सुतक नाही ना? आज कार्तिक पौर्णिमा, पुन्नी मेल्याला जाऊन येऊ.’

महादेवघाटाचा मेळा खारून नदीच्या काठी भरतो. आकाशपाळणा, ब्रेक डान्स, हेलकावे घेणारं जहाज, मौत का कुआँ, सगळं एका रांगेत. एका टोकाला रहचुली होती, छत्तीसगडी मेळ्यांतला जुना लाकडी पाळणा : चार पेट्या, दोन आडव्या-उभ्या बल्ल्या, हाताने ढकलणारे दोन गडी. पेटीच्या दाराला कडी नव्हती, गमछ्याची गाठ होती. वर जाताना कण्याचं लाकूड कण्हायचं, आणि किती फेऱ्या द्यायच्या हे खालची गर्दी बघून ठरायचं. गिऱ्हाईक कमी, म्हणून गडी फेऱ्या देतच राहिले. भाचा सहाव्या की सातव्या फेरीला ‘बस भैया, बस’ म्हणू लागला. सौ. शेजारी बसून चणे खात होती.

खाली उतरल्यावर, पाय थरथरत असतानाच, त्याने सवयीने विचारलं, ‘ऊँचाई कितनी है इसकी?’

गडी बिडी पेटवत म्हणाला, ‘तैं तो ऊपर ले आए हस बाबू, तहीं बता.’

भाच्याने मोबाइल काढला आणि त्याचा चेहरा पडला. रहचुलीला रूळ नाहीत, म्हणजे ती कोस्टर नव्हे. एवढा घाम गाळून वहीत शून्य. पण पलीकडे मीना बाजारातला ड्रॅगन होता, हिरवा, एका डोळ्याचा बल्ब गेलेला, आणि त्याला रीतसर रूळ होते. डोकं पुरतं वर उचललं तर माझ्याएवढा उंच भरला असता. आम्ही रांगेत लागलो. पुढे उभ्या असलेल्या दोन वेण्यांच्या चिमुरडीने भाच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि आपल्या आईला विचारलं, ‘मम्मी, अंकल का बच्चा कहाँ है?’

सौ.ने माझ्याकडे बोट दाखवलं.