विस्मरणाचे पंचांग

स्मृतिभ्रंश, म्हणजे स्मरणाबरोबरच विचार, भाषा आणि रोजचे व्यवहार यांचे बळ हळूहळू हिरावून घेणारा विकारसमूह, कोणाच्या वाट्याला येईल हे वर्तवण्यासाठी फिनलंडमधील संशोधकांनी 2006 साली एक गुणपद्धती मांडली, जिच्यात मध्यमवयीन व्यक्तीचे वय, शिक्षण, लिंग, रक्तदाब, स्थूलता, कोलेस्टेरॉल आणि शारीरिक हालचाल यांना गुण देऊन त्यांच्या बेरजेवरून पुढील 20 वर्षांचे भाकीत केले जाते. या परीक्षेत अधिक गुण मिळवणारा नापास ठरतो आणि सहा वर्षांहून अधिक शाळा न पाहिलेल्याला त्याचे 3 गुण पन्नाशीत भरावे लागतात. मात्र मूळ अभ्यासात सर्वाधिक गुणांच्या गटातही विकार जडलेल्यांचे प्रमाण 16.4 टक्केच होते. म्हणजे शंभरांतील त्र्याऐंशीहून अधिक जणांनी वीस वर्षे धास्ती बाळगावी आणि अखेर ती धास्तीही नीट लक्षात ठेवावी, अशी ही सोय. (पंचांग निदान शांतीचा विधी तरी सुचवते, येथे वयावर उतारा नाही.) जनुकांच्या भाकितात एपीओई जनुकाचा ई-4 हा प्रकार अल्झायमर या स्मृतिभ्रंशाची जोखीम वाढवतो, हमी देत नाही, तरीही डीएनएची रचना उलगडणाऱ्या जेम्स वॉटसन यांनी 2007 साली स्वतःचा जनुकसंच जगापुढे खुला करताना तेवढे एक जनुक झाकायला लावले आणि शेजारच्या भागावरून ते ओळखता येते हे ध्यानात आल्यावर शेजारही झाकावा लागला.