भूत आमचं, हिंदी त्यांची

सातारा-सांगली पट्ट्यातल्या धारपभक्ताची मागणी अगदी साधी आहे. नारायण धारपांच्या कथा-कादंबऱ्यांवर सिनेमे निघाले पाहिजेत आणि ते त्याला आवडता कामा नयेत. निघाले नाहीत तर ‘मराठी भयकथेला वाली नाही’ म्हणून हळहळतो. निघाले तर मध्यंतरातच, वडापावचा पहिला घास तोंडात असताना, ‘पुस्तकाची सर नाही’ असा निकाल देऊन मोकळा होतो.

हा प्राणी वाचनालयात हमखास सापडतो. ‘लुचाई’ मागतो, ती बाहेर गेलेली असते, मग कुणी नेली याची चौकशी करतो. अखेर हाती लागते ती प्रत कण्यातून सुटलेली, शेवटची पानं चिकटपट्टीने धरलेली. समासात कुणीतरी पेन्सिलीने बजावलेलं असतं, ‘रात्री वाचू नये.’ त्याखाली दुसऱ्या अक्षरात, ‘वाचली. काही होत नाही.’ त्याखाली तिसऱ्या हाताने, ‘मग दिवा का चालू होता?’ मराठी समीक्षेत इतका जिवंत वाद मी अजून वाचलेला नाही.

आता ‘तुंबाड’ या हिंदी सिनेमाचं बघा. ऑक्टोबर २०१८मध्ये आला तेव्हा भक्तांचं आरोपपत्र तयारच होतं. आजी धारपांची, गावाचं नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीतलं, हस्तर नावाचा राक्षस आणि त्याच्या लंगोटातली नाणी नक्की कुणाची ते कळेना, आणि १९१८ सालच्या कोकणातली माणसं घरात हिंदी बोलतात! यातला शेवटचा मुद्दा मला मान्य आहे. पण दिग्दर्शक राही अनिल बर्वेंनी ही कथा आधी मित्राच्या तोंडून ऐकली होती, नागझिऱ्याच्या जंगलात. म्हणजे पुस्तक आणि पडदा यांच्यामध्ये एक मित्र होता, आणि मित्राने सांगताना किती मीठ-मसाला घातला असेल याचा हिशेब कुणी ठेवत नाही. पुढे सप्टेंबर २०२४मध्ये तोच सिनेमा पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला जमवून गेला. हीच मंडळी या वेळी भाच्या-पुतण्यांना घेऊन गेली आणि काळोखात कुजबुजत राहिली, ‘मूळ कथेत असं नाहीये हं.’ पोरं म्हणाली, ‘काका, गप्प बसा ना.’

काकांना एक गोष्ट मात्र अडचणीची आहे. धारपांची ‘आजी’ स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’वरून आलेली. ‘लुचाई’मागे त्याच किंगची १९७५ची ‘सालेम्स लॉट’. अमेरिकेतलं भूत धारपांनी मराठी घरात आणलं, त्याला आपले नातेवाईक दिले, आपला अंधार दिला, आणि ते इतकं रुळलं की काका आता त्याच्या मूळपणासाठी भांडतात. धारपांनी केलं ते रूपांतर, बर्व्यांनी केलं ती मोडतोड!

बरं, खुद्द किंगसाहेबही याच पंगतीतले. स्टॅन्ली क्युब्रिकचा १९८०चा ‘द शायनिंग’ त्यांना रुचला नाही. १९९७मध्ये त्यांनी स्वतः पटकथा लिहून त्याच कादंबरीची टीव्ही-मालिका केली. पुस्तकाला धरून झाली, लेखक राजी झाला आणि लोक अजून क्युब्रिकचाच सिनेमा बघतात.

सांगलीकरांनी तर या वादात तोंडच उघडू नये. १८४३मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलं आणि पुढे त्या नाटकांतले राक्षस राळेच्या भडक्यात ‘अललल डुर्र’ करत येऊ लागले. वाल्मीकींच्या राक्षसाला हा आवाज कुणी दिला, असं विचारणारा एखादा काका तेव्हाही पहिल्या रांगेत बसलेला असणार. पण त्याच राक्षसांच्या जिवावर आपण नाट्यपंढरी म्हणवून घेतो.

सातारकरांचं त्याहून गमतीशीर. वाई ‘गंगाजल’मध्ये बिहार झाली, ‘दबंग’मध्ये उत्तर प्रदेश झाली, तेव्हा अस्मितेला खरचटलंसुद्धा नाही. शूटिंग बघायला झुंबड, हिरोसोबत फोटो, ‘तो मागे दिसतोय ना, तो आमचा घाट’. नदी आणि घाट परप्रांतात गेले तरी चालतात, भुताने मात्र मराठीच बोललं पाहिजे.

यात भक्ताचं खरं दुखणं एकच, आणि ते मी नाकारत नाही. धारप वाचताना त्या म्हातारीला प्रत्येकाने आपापल्या घरातला चेहरा दिलेला असतो, कुणी आत्याचा, कुणी पणजीचा. पडद्यावर सगळ्यांना एकच चेहरा मिळतो, तोही रंगभूषाकाराने ठरवलेला. घरचं माणूस असं परस्पर बदललेलं कुणाला आवडेल? मालिकेत तर त्याहून हाल. २०१८मध्ये ‘ग्रहण’ झी मराठीवर आली. एका बैठकीत संपवायची कादंबरी रोज थोडी-थोडी. दार करकरलं की ब्रेक, आणि ब्रेकमध्ये कपडे धुण्याची पावडर. हडळ काय, धुणं वाळत घालून येणार?

तरी सध्या कट्ट्यावर धारपांच्या ‘समर्थ’ या नायकावर सिनेमा निघाला तर काय, याची चर्चा रंगते. सिनेमाचा पत्ता नाही, पण भूमिकावाटप पूर्ण झालंय. सांगलीचा समर्थ साताऱ्याला चालत नाही, साताऱ्याचा कराडच्या पुढे जात नाही. अटी मात्र एकमताने मंजूर आहेत. गाणी नकोत, हिंदी नको, भूत शेवटपर्यंत दाखवायचं नाही आणि शेवट बदलायचा नाही. निर्मात्याने या सगळ्या पाळल्याच, तर काय खोड काढायची यावर पुढच्या रविवारी बैठक आहे.