बाह्या वर, नाव समोर

बंगळुरूतल्या कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलसमोरच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खायच्या उपाहारगृहात, दुपारी उभं राहा. इडली-वडा आणि कॉफीच्या गर्दीत दोन-चार पांढरे अ‍ॅप्रन हमखास दिसतात, बाह्या मनगटापर्यंत. वॉर्डातून थेट आलेले, तसेच वॉर्डात परत जाणारे. मला याचा संताप येतो.

ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने २००८ पासून रुग्ण तपासताना कोपराखाली काहीही नको असा दंडक घातला. लांब बाही नको, घड्याळ नको. हात नीट धुता यावेत एवढंच कारण. आपल्याकडे २०१५ मध्ये मंगळुरूच्या येनेपोया मेडिकल कॉलेजमधले डॉ. एडमंड फर्नांडिस यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लिहिलं की भारतात डॉक्टरांनी आणि विद्यार्थ्यांनी पांढरा कोट वापरणंच थांबवावं. स्वच्छतेचा मुद्दा मला शंभर टक्के पटतो. कोट टाकून देणं मात्र पटत नाही.

बंगळुरूचं इंदिरानगरच उदाहरणाला घेऊ. इथल्या सीएमएच रोडला नावच चिन्मय मिशन हॉस्पिटलचं. जवळच सर सी. व्ही. रामन सरकारी रुग्णालय. शिवाय काचेचे, कॅफेसारखे दिसणारे नवे दवाखाने. बेळगावहून मुलाकडे आलेली मराठी आजी अशा दवाखान्यात शिरते. कन्नड जेमतेम, इंग्रजी नाही. टी-शर्टातला तरुण तिला तपासतो, दुसरा रक्त घेतो, तिसरा बिल देतो. यातला डॉक्टर कोण, हे तिने कशावरून ओळखायचं? आपलं दुखणं कुणापुढे मोकळं करायचं?

अमेरिकेत दहा रुग्णालयांतल्या चार हजारांहून अधिक रुग्णांना डॉक्टरांचे वेगवेगळ्या पोशाखांतले फोटो दाखवून मत विचारलं गेलं. २०१८ मध्ये या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निम्म्याहून अधिक जणांनी पोशाख महत्त्वाचा मानला आणि सर्वाधिक पसंती नीटनेटक्या कपड्यांवरच्या पांढऱ्या कोटाला दिली. आजारी माणसाला आधार हवा असतो. त्याला मागासलेपणा म्हणू नये.

आणि कोट गेला तर पहिला फटका डॉक्टर बायकांना बसतो. कोट असतानाही त्यांना 'सिस्टर' अशी हाक पडते. दहा मिनिटं आजार समजावून सांगितल्यावर नातेवाईक विचारतात, "मोठे डॉक्टर कधी येणार?" पुरुष सहकाऱ्याला जीन्स परवडते, तिला रोज नव्याने आपण डॉक्टर असल्याचं पटवून द्यावं लागतं. नर्सचं काम कमी दर्जाचं मुळीच नाही. पण कोण काय ठरवणार आहे हे रुग्णाला कळायलाच हवं.

सुश्रुतसंहितेत वैद्याने नखं कापलेली ठेवावीत, शुभ्र वस्त्र नेसावं, वेष उद्धट नसावा असं सांगितलं आहे. शुभ्रतेइतकंच नम्रतेला महत्त्व. म्हणून कोट राहू द्या, पण आखूड बाह्यांचा, रोज धुतलेला आणि वॉर्डाबाहेर पडताना खुंटीवर. छातीवर नाव आणि हुद्दा ठळक कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. इंदिरानगरसारख्या सरमिसळ वस्तीत जोडीला हिंदीही, म्हणजे बेळगावच्या आजीलाही ते देवनागरीत वाचता येईल.

धुलाईचा भार मात्र इंटर्नवर नको. छत्तीस तासांची ड्यूटी करून आलेल्या पोरीने हॉस्टेलच्या बादलीत कोट का बुडवावा? हॉस्पिटलच्या चादरी जिथे धुतल्या जातात, तिथेच हा कोटही जावा आणि त्याचा खर्च हॉस्पिटलने करावा.