जपानच्या राजवाड्यात कसे नांदावे? नवशिक्या सुनांसाठी पुस्तिका

ही पुस्तिका कोणासाठी?

जगातल्या सर्वांत जुन्या समजल्या जाणाऱ्या राजघराण्यात सून म्हणून जाऊ इच्छिणाऱ्या, पण पूर्वानुभव नसलेल्या मुलींसाठी. पूर्वानुभव कोणालाच नसतो, त्यामुळे तो रकाना रिकामा सोडला तरी चालेल.

सध्या जागा एकच आहे. वारसाहक्काच्या रांगेत तिघे पुरुष उरले आहेत. त्यांतले फुमिहितो विवाहित आहेत आणि १९३५ साली जन्मलेले मासाहितो तर कधीचेच विवाहित आहेत. राहिला २००६ साली जन्मलेला राजपुत्र हिसाहितो. मुलगा त्सुकुबा विद्यापीठात जीवशास्त्र शिकतो. मोठी नणंद लग्न करून न्यू यॉर्कला गेली आहे. वरवर पाहता स्थळ नाकारण्यासारखे काही नाही.

पुढचा अभ्यासक्रम या घरात आलेल्या दोन सुनांच्या अनुभवावर बेतला आहे. पहिल्या मिचिको शोदा, लग्न १० एप्रिल १९५९. दुसऱ्या मासाको ओवादा, लग्न ९ जून १९९३. नात्याने या सासू-सुना. दोघी सामान्य घरांतून आल्या, दोघी पुढे सम्राज्ञी झाल्या आणि दोघी मधल्या काळात आजारी पडल्या. या शेवटच्या मुद्द्याचा धडा आपण यथावकाश घेऊ.

पायरी १ : भरपूर शिका

मासाको यांचा कित्ता गिरवा. वडील परराष्ट्र सेवेत, म्हणून बालपण मॉस्को आणि न्यू यॉर्कमध्ये गेले. १९८५ साली हार्वर्डची अर्थशास्त्राची पदवी घेतली. मग टोकियो विद्यापीठात कायद्याचा अभ्यास, परराष्ट्र सेवेची परीक्षा आणि १९८७ पासून मंत्रालयात नोकरी. मंत्रालयानेच पुढे ऑक्सफर्डच्या बॅलियल कॉलेजात शिकायला पाठवले.

एवढे शिक्षण लागतेच, कारण लग्न ठरल्याच्या दिवशी वर्तमानपत्रांना मथळे हवे असतात. नव्या युगाची राजवधू, देशाची नवी दूत वगैरे छापून आले की शिक्षणाचे काम संपले. परदेशी भाषा येत असतील तर उत्तमच. परदेशी जाण्याची इच्छा मात्र व्यक्त करू नये. डिसेंबर २००२ मध्ये मासाको यांनी ती केली. परदेश दौरे सहजी करता येत नाहीत, या परिस्थितीशी जुळवून घ्यायला आपल्याला बरेच कष्ट पडले, असे त्या पत्रकारांना म्हणाल्या. वाक्य सौम्य होते, तरी राजवाड्याच्या मानाने ते बंडच ठरले.

पायरी २ : आजोबा नीट निवडा

आपल्याकडे स्थळ पाहताना चार घरी चौकशी होते. इथे ती कुनाइचो, म्हणजे राजघराण्याचा कारभार पाहणारे सरकारी खाते, करते. मासाको यांची आणि राजपुत्र नारुहितो यांची भेट १९८६ साली एका स्वागत समारंभात झाली. राजपुत्राच्या मनात मुलगी भरली, आणि मग मुलीच्या आईचे वडील आडवे आले. ते चिस्सो कंपनीचे अध्यक्ष होते. मिनामाताच्या समुद्रात पारा सोडून हजारो लोकांना आयुष्यभराचे दुखणे देणारी कंपनी ती हीच. हा रोग १९५६ साली उघडकीस आला आणि आजोबा कंपनीत आले ते त्यानंतर, पण चौकशीत तारखा पाहत नाहीत. स्थळ काही वर्षे बाजूला पडले. राजपुत्राने हट्ट सोडला नाही म्हणून गाडी पुन्हा रुळावर आली.

मिचिको यांच्या बाबतीत अडचण वडिलांचीच होती. ते पिठाच्या गिरण्या चालवत. कोपऱ्यावरची गिरणी डोळ्यांसमोर आणू नका; निश्शिन ही देशातली बडी कंपनी, आणि ते तिचे प्रमुख. पण घराणे सरदार-उमरावांचे नव्हते. खुद्द होणाऱ्या सासूबाईंना, सम्राज्ञी नागाको यांना, हे लग्न पसंत नव्हते. उमरावांच्या पदव्या १९४७ सालीच रद्द झाल्या होत्या. पदव्या गेल्या तरी नाक मुरडण्याची सवय मागे राहिली.

पायरी ३ : होकार द्या, पण घड्याळ बघून

कुनाइचोचे समाधान झाले की प्रकरण दहा जणांच्या परिषदेपुढे जाते. तीत पंतप्रधान, संसदेच्या दोन्ही सभागृहांचे अध्यक्ष-उपाध्यक्ष आणि सरन्यायाधीशही असतात. कांदेपोहे करायचेच झाले तर त्या हिशेबाने करावेत.

मग पत्रकार परिषद. मासाको यांची १९ जानेवारी १९९३ रोजी झाली. त्या नीट, शांतपणे बोलल्या. नंतर कोणीतरी हिशेब मांडला आणि त्या राजपुत्रापेक्षा काही सेकंद जास्त बोलल्याचे निघाले. नवशिक्यांनी सरावासाठी घरी टाइमर लावून बोलावे. नवरा जेवढे बोलेल त्याच्या निम्मे बोलणे सुरक्षित.

याच परिषदेत मासाको यांनी राजपुत्राचे एक वचन सांगितले : आयुष्यभर सर्व शक्तीनिशी तुझे रक्षण करीन. हे वचन बाजूला काढून ठेवा. पायरी ६ मध्ये लागेल.

पायरी ४ : अंगावर बारा थर, आडनाव शून्य

लग्नाचा जूनीहितोए हा पोशाख थरांवर थर चढवून नेसतात. वजन सुमारे १५ किलो. तो घालून सावकाश चालायचे, सावकाश वळायचे आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचे नाही. हा एका दिवसाचा पोशाख आहे असे वाटेल. चालण्याची आणि चेहऱ्याची पद्धत मात्र कायमची असते.

त्याच दिवशी माहेरच्या कुटुंबनोंदीतून तुमचे नाव निघते आणि राजघराण्याच्या वंशनोंदीत चढते. राजघराण्याला आडनाव नाही, त्यामुळे लग्नानंतर कोणते आडनाव लावावे हा आपल्याकडचा वाद तिथे उद्भवत नाही. मताधिकारही जातो. लोक तुमच्याबद्दल मत बनवतील, तुम्ही देऊ शकणार नाही.

लोकांच्या प्रेमाची काळजी करू नका, ते सुरुवातीला भरपूर मिळते. मिचिको यांची मिरवणूक पाहायला रस्त्याच्या दुतर्फा काही लाख माणसे उभी होती, आणि ती घरबसल्या पाहता यावी म्हणून असंख्य कुटुंबांनी टीव्ही विकत घेतला. संच घेतल्यावर माणूस तो वापरणारच. पुढची साठ वर्षे त्यांनी तो वापरला.

पायरी ५ : पाळणा

अभ्यासक्रमाचा गाभा हाच. आधीच्या पायऱ्या ऐच्छिक समजल्या तरी चालतील.

१९४७ च्या राजघराणे कायद्याचे पहिले कलम सांगते की सिंहासन पुरुष वंशातल्या पुरुषालाच मिळेल. त्यामुळे तुमचे पोट हा राष्ट्रीय महत्त्वाचा विषय होतो. मासाको घरात आल्या तेव्हा घराण्यात शेवटचा मुलगा जन्मून जवळपास २८ वर्षे झाली होती. तो मुलगा म्हणजे त्यांचेच दीर फुमिहितो, जन्म १९६५. आपल्याकडे शेजारच्या काकू ‘काय, गोड बातमी कधी?’ विचारतात. तिथे हे काम कॅमेऱ्यांसह होते. चपलेची टाच कमी दिसली तरी बातमी.

डिसेंबर १९९९ मध्ये दिवस राहिल्याची शंका होती, खात्री व्हायची होती. खात्रीच्या आधीच बातमी फुटली. त्यानंतर महिनाअखेर गर्भपात झाला. या धड्यात विनोद नाही.

१ डिसेंबर २००१ रोजी, लग्नाच्या नवव्या वर्षी, ऐको जन्मली. देशाने आनंद केला आणि त्याच दमात पुढच्या वेळेची चौकशी सुरू केली. २००३ अखेर कुनाइचोच्या प्रमुखांनी जाहीरपणे इच्छा व्यक्त केली की धाकट्या जावेला तिसरे मूल व्हावे. थोरल्या सुनेला हे वर्तमानपत्रातून कळण्याची सोय होती.

२००५ मध्ये पंतप्रधान कोइझुमी यांच्या समितीने मुलीलाही सिंहासन मिळावे अशी शिफारस केली. फेब्रुवारी २००६ मध्ये धाकट्या जाऊबाईंना, राजकुमारी किको यांना, दिवस गेल्याची बातमी आली आणि विधेयक गुंडाळले गेले. सप्टेंबरमध्ये हिसाहितो जन्मला. तुमचे संभाव्य यजमान ते हेच. म्हणजे तुम्ही उंबरठा ओलांडाल तेव्हा घराण्याचे सारे भवितव्य तुमच्या एकटीच्या पोटी असेल. मासाको यांना निदान जाऊ होती. तुम्हाला तीही नसेल.

पायरी ६ : आजारी पडण्याची योग्य पद्धत

योग्य पद्धत नाही. तरी प्रयत्न नोंदवतो.

मिचिको १९६३ मध्ये गर्भपातानंतर खचल्या आणि काही महिने समुद्रकाठी हायामाला जाऊन राहिल्या. तीस वर्षांनी सम्राज्ञी असताना साप्ताहिकांनी त्यांच्यावर टीकेची मालिका चालवली. ऑक्टोबर १९९३ मध्ये आपल्या ५९ व्या वाढदिवशी त्या कोसळल्या आणि पुढे काही महिने त्यांची वाचाच गेली. म्हणजे सेवाज्येष्ठतेचा उपयोग नाही.

मासाको यांना डिसेंबर २००३ मध्ये नागीण झाली आणि त्या सार्वजनिक कार्यक्रमांतून बाजूला झाल्या. मे २००४ मध्ये नारुहितो यांनी पायरी ३ मधले वचन बाहेर काढले. एकट्याने युरोपच्या दौऱ्यावर निघण्यापूर्वी ते पत्रकारांसमोर म्हणाले की मासाकोचे आजवरचे काम आणि तिचे व्यक्तिमत्त्वच नाकारणाऱ्या हालचाली झाल्या. त्या घराण्यात असे कोणी बोलत नाही. जुलैमध्ये कुनाइचोने निदान जाहीर केले : परिस्थितीशी जुळवून घेता न आल्याने होणारा मानसिक विकार. निदान सुनेचे झाले. परिस्थितीची तपासणी कोणी केली नाही.

यानंतरचे नियम असे. कार्यक्रमाला न गेल्यास तुम्ही कामचुकार. बाहेर जेवायला गेल्यास ढोंगी. ऑगस्ट २००६ मध्ये हे कुटुंब राणी बिअॅट्रिक्स यांच्या निमंत्रणावरून विश्रांतीसाठी नेदरलँड्सला गेले. तिथे मासाको हसताना दिसल्या आणि हसू हाच त्यांच्याविरुद्धचा पुरावा झाला. सारांश : आजारी असताना आनंदी दिसू नये, आणि बरे होण्यासाठी आनंदी होणे गरजेचे असते. दोन्ही एकाच वेळी जमवावे.

पायरी ७ : आई व्हा, पण बेताने

राजपुत्रांना आईपासून दूर, दाईंच्या आणि शिक्षकांच्या हाती वाढवण्याची तिथे जुनी रीत होती. मिचिको यांनी ती मोडली आणि मुलांना स्वतःजवळ वाढवले. परदेशी जाताना त्या नारुहितोसाठी सांभाळणाऱ्यांना सूचना लिहून ठेवत. दिवसातून एकदा तरी त्याला घट्ट मिठीत घ्यावे, अशीही सूचना त्यांत होती. लोकांनी या टिपणांना गमतीने ‘नारु-चानची राज्यघटना’ म्हटले.

पुढे २०१० मध्ये शाळेतल्या मुलांच्या वागण्याने घाबरून ऐको शाळेत जाईना. मासाको तिच्याबरोबर शाळेत जाऊन बसू लागल्या. कार्यक्रमांना वेळ नाही आणि शाळेत बसायला आहे, असा आरोप झाला. मिठी चालते. सोबत चालत नाही.

पायरी ८ : बढती

१ मे २०१९ रोजी नारुहितो सम्राट झाले. तलवार आणि रत्न स्वीकारण्याच्या विधीला घराण्यातल्या फक्त प्रौढ पुरुषांना प्रवेश होता. सम्राज्ञी मासाको त्या दालनात नव्हत्या. मंत्रिमंडळातल्या एकमेव महिला मंत्री सात्सुकी कातायामा मात्र होत्या, कारण त्या मंत्री म्हणून आल्या होत्या. धडा : त्या दालनात जायचे असेल तर राजवाड्यात लग्न करण्यापेक्षा निवडणूक लढवणे सोपे.

त्याच महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष आले. मासाको दुभाष्याविना त्यांच्याशी आणि त्यांच्या पत्नीशी बोलल्या आणि लोक थक्क झाले. ज्या शिक्षणासाठी १९९३ मध्ये मथळे छापले, त्याचा उपयोग होताना पाहायला २६ वर्षे लागली. जून २०२४ मध्ये ऑक्सफर्डने त्यांना मानद पदवीही दिली.

शंकासमाधान

*प्रश्न : हे सारे नकोसे झाले तर बाहेर पडता येते का?*

सुनेसाठी वाट अवघड आहे. घरच्या मुलीला मात्र सामान्य माणसाशी लग्न केले की कायद्यानेच बाहेर पडावे लागते. सुरुवातीला सांगितलेली मोठी नणंद, राजकन्या माको, २६ ऑक्टोबर २०२१ रोजी अशा बाहेर पडल्या. निघताना मिळणारी मोठी रक्कम त्यांनी नाकारली. त्याआधी त्यांच्या नियोजित वराच्या लांब केसांच्या शेंडीवर देशभर चर्चा झाली होती. लग्नाच्या त्याच महिन्यात जाहीर झाले की वर्षानुवर्षांच्या टीकेने माको यांना मानसिक आघाताचा विकार जडला आहे. सुना येऊन आजारी पडतात, मुली जाताना.

*प्रश्न : मग दोष कोणाचा?*

सासूचा नव्हे, मिचिको यांनी स्वतःच हे सोसले होते. नवऱ्याचाही नव्हे, तो बोलला. साप्ताहिकांचा आहे, पण ती कोणी विकत घेतल्याशिवाय चालत नाहीत. सर्वांत मोठा दोष पहिल्या कलमाचा. एका बाईने मुलगा जन्माला घालावा यावर सारे घराणे टांगून ठेवले की तिची टाच, तिचे हसू आणि तिची झोप या सरकारी बाबी होतात. ऐको पंचविशीच्या आसपास आहे, रेडक्रॉसमध्ये काम करते, आणि सम्राटाचे एकुलते एक अपत्य असूनही सिंहासनाच्या रांगेत नाही.

तेव्हा उपवर मुलींना एकच सल्ला : पुस्तिका वाचा, कलम बदलेपर्यंत अर्ज करू नका. आणि बाकीच्यांनी पुढच्या वेळी कुठल्याही राजवाड्याच्या सुनेचे पोट लाल वर्तुळात दाखवणारा फोटो समोर आला, तर तो उघडू नये.