कोजागरीला आमच्याकडे या

घरी पार्टी द्यायची तर ती कोजागरीलाच द्यावी, असं माझं ठाम मत आहे. एरवी ‘पार्टी’ म्हटलं की घरातल्या ज्येष्ठांच्या भुवया वर जातात. कोजागरी म्हटलं की तेच ज्येष्ठ स्वतःहून सतरंज्या झटकायला घेतात आणि रात्री पत्त्यांत सर्वांत जास्त लबाडी करतात. शिवाय मेनू परंपरेनंच ठरवून दिलेला: मसाला दूध आणि भेळ. आंबट आणि दूध एकत्र घेऊ नये म्हणणारी एक मावशी प्रत्येक घरात असतेच. तिला आधी भेळ द्यावी, तासाभरानं दूध. मधल्या वेळेत ती इतरांना सावध करत फिरते. आपलं काम हलकं होतं.

गच्चीवर मात्र विसंबू नये. पाऊस महाराष्ट्रातून माघारी फिरतो तो साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, आणि कोजागरीही नेमकी त्याच सुमाराला टपकते. २०२४ साली ती १६ ऑक्टोबरला होती, २०२५ साली ६ ऑक्टोबरला. तेव्हा दिवाणखान्यातला टीपॉय आधीच हलवून ठेवावा. २०२३ साली तर कमालच झाली. २८ ऑक्टोबरची कोजागरी आणि त्याच मध्यरात्रीनंतर खंडग्रास चंद्रग्रहण! वेध दुपारीच लागलेले. दूध प्यायचं की नाही यावर घरोघरी चर्चासत्रं झडली. शेवटी पातेल्यात तुळशीचं पान पडलं, आणि ज्यांचा वेधांवर गाढ विश्वास होता त्यांनीच दुसरा पेला मागितला.

आता दूध. दहा माणसांना दोन लिटर पुरे, आटून दीड लिटर उरतं. पातेल्यात आधी घोटभर पाणी घालून मग दूध ओतावं, म्हणजे तळाला लागत नाही. तरीही लागलंच, तर खरवडायला जाऊ नका. वरचं दूध अलगद दुसऱ्या पातेल्यात काढा आणि वेलदोडे सढळ हातानं घाला. केशर आधी चमचाभर कोमट दुधात खलून घ्यावं. नुसत्या काड्या टाकल्या तर पाहुणे त्या बोटानं काढून पेल्याच्या काठाला लावून ठेवतात. जायफळ मात्र जपून. ज्या रात्री जागायचं, त्याच रात्री झोप आणणारं जायफळ दुधात किसायचं, हे ज्यानं ठरवलं त्याला पाहुणे वेळेवर घरी धाडायचे असावेत. माझा त्या पूर्वजाला नमस्कार.

आठची वेळ दिली की मंडळी साडेनऊला उगवतात. एक जोडपं मात्र पावणेआठलाच येतं, यजमान बनियनवर असताना. त्यांना सोफ्यावर बसवून सरबत देऊ नये, पिस्ते कापायला बसवावं. हाताला काम असलेला पाहुणा घर निरखत नाही.

रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला कायद्यानं मनाई आहे, आणि चंद्र डोक्यावर येतो बाराच्या सुमाराला. यावर उपाय गाण्याच्या भेंड्या. पण आवाज चढला की खालच्या मजल्यावरचे गृहस्थ तक्रार घेऊन येतात. त्यांना आधीच आमंत्रण द्यावं. आले तर तेच सगळ्यांत मोठ्यानं गातात. नाही आले तर भरलेला तांब्या पोचता करावा. आपलं दूध प्यालेल्या माणसाला तक्रार करायला जड जातं.

थोरल्या लेकराला ओवाळायचं ते पाहुणे यायच्या आधीच उरकावं. नाहीतर सगळे पाहुणे आपापल्या थोरल्यांच्या परदेशी नोकऱ्या सांगू लागतात आणि दुधावर साय धरते.

‘चला, निघतो’ हे वाक्य म्हणजे निरोप नव्हे. ती दुसऱ्या सत्राची घंटा आहे. सोफ्यावरून दारापर्यंत अर्धा तास, चपला घालताना पाव तास, आणि मुख्य विषय निघतात ते लिफ्टचं दार धरून. म्हणून यजमानानं बोलत बोलत स्वतःच खाली गेटपर्यंत जावं. दुसरा इलाज नाही.

शेवटचं आणि सर्वांत महत्त्वाचं: उरलेलं दूध कुणाला बांधून द्यायचं असेल तर स्टीलचा डबा देऊ नका. श्रीखंडाचे रिकामे डबे त्यासाठीच जपून ठेवायचे असतात.