काखेत कळसा : चोरलेले चित्र ठेवण्याविषयी काही सूचना

चित्र चोरणे ही तशी किरकोळ बाब आहे. रॉटरडॅमच्या कुन्स्टहाल संग्रहालयातून १६ ऑक्टोबर २०१२च्या पहाटे पिकासो, मातिस, मोने, गोगँ वगैरे मंडळींची सात चित्रे उचलायला चोरांना तीन मिनिटेही लागली नाहीत. तेवढ्यात आपल्याकडे चहाला उकळी येत नाही. खरी अडचण त्यानंतरची. चित्र इतके ओळखीचे असते की विकता येत नाही, आणि घरी पाहुणे येतात म्हणून दिवाणखान्यात लावताही येत नाही. मग ठेवायचे कुठे? होतकरू चोराला याबाबत वडीलधाऱ्यांकडून काही मार्गदर्शन मिळत नाही. ती उणीव भरून काढण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

सर्वांत महत्त्वाची सूचना आधीच देऊन ठेवतो : चित्र आईकडे ठेवू नये.

स्तेफान ब्राइटवीझर या फ्रेंच गृहस्थाने १९९५ ते २००१ या काळात युरोपातल्या लहानसहान संग्रहालयांतून दोनशेहून अधिक वस्तू लांबवल्या. विकायला नव्हे, हौस म्हणून. क्रानाख, ब्रूघेल अशा चित्रकारांची चित्रे त्याने म्युलूझजवळच्या आईच्या घरात, माळ्यावरच्या खोलीत लावली होती आणि त्यांच्यामध्ये तो झोपत असे. २००१च्या नोव्हेंबरात तो स्वित्झर्लंडमध्ये पकडला गेला. इकडे आईने काय केले? माळा आवरायला काढला. जड वस्तू कालव्यात गेल्या, चित्रे कापून कचऱ्यात गेली. रॉटरडॅमच्या चोराची रुमानियातली आईही त्याच वळणाची. लेकाविरुद्धचा पुरावा नको म्हणून आपण ती चित्रे चुलीत घातली, असे तिने पोलिसांना सांगितले. नंतर तिने जबाब फिरवला. पण चुलीतल्या राखेत जुन्या रंगांचे अंश आणि कॅनव्हासचे खिळे मिळाले होते, ते काही फिरवता आले नाहीत. यात आयांचा दोष नाही. मुलाचे सामान म्हणजे पसारा, ही त्यांची ठाम समजूत असते आणि त्यात एखादा क्रानाख निघाला म्हणून ती बदलत नाही.

स्वतःच्या खोलीत ठेवले तर? विन्चेन्झो पेरूज्जाने तेच केले. २१ ऑगस्ट १९११, सोमवार, लूव्र बंद. तिथल्या कामगारांचा पांढरा डगला घालून त्याने मोनालिसा भिंतीवरून उतरवली. ती लाकडी फळीवर रंगवलेली, म्हणजे वळकटीही करता येईना. दोन वर्षांहून अधिक काळ ती पॅरिसमधल्या त्याच्या खोलीत, दुहेरी तळाच्या ट्रंकेत पडून होती; वर जुने बूट, अवजारे आणि एक मँडोलिन. अखेर कंटाळून तो ती फ्लॉरेन्सला घेऊन गेला, तिथल्या व्यापाऱ्याला दाखवली आणि डिसेंबर १९१३मध्ये पकडला गेला. ट्रंकेचे काम चांगले होते, धीर कमी पडला.

मात्र अभ्यासावी अशी गोष्ट पेरूज्जाची नाही, लूव्रची आहे. सोमवार गेला, मंगळवारची सकाळ उजाडली. मोनालिसाच्या जागी भिंतीवर चार लोखंडी खुंट्या दिसत होत्या आणि पहारेकरी त्यांच्यावरून नजर टाकून पुढे जात होते. फोटो काढायला नेले असेल! त्या दालनाचे चित्र काढायला आलेल्या एका चित्रकाराने ‘अहो, पण बाई आहेत कुठे?’ अशी चौकशी लावून धरली, तेव्हा कुठे धावपळ झाली. पुढे ती मोकळी भिंत पाहायला लोकांनी रांगा लावल्या.

यावरून विचारी चोराच्या लक्षात आलेच असेल. घरे, बंदरे, आगगाड्या, बोटी, पोलीस सगळे पालथे घालतात. एक संग्रहालय सोडून. शिवाय तिथे तापमान ठरलेले, हवेतला दमटपणा मोजलेला, रात्री पहारा आणि विम्याचा हप्ता दुसऱ्याच्या खिशातून. पावसाळ्यात भिंतीला ओल येणाऱ्या खोलीत एवढी बडदास्त कोण ठेवणार?

शक्यतो गोदाम गाठावे. ब्रिटिश म्युझियमकडे सुमारे ८० लाख वस्तू आहेत आणि त्यांतल्या साधारण ८० हजार मांडलेल्या असतात. बाकीच्या कपाटांत. २०२३मध्ये संग्रहालयाने जाहीर केले की सुमारे दोन हजार वस्तू चोरीला गेल्या, हरवल्या किंवा मोडल्या. एका व्यापाऱ्याने २०२१मध्येच सावध केले होते. पण त्या वेळी सगळे जागच्या जागी असल्याचे त्याला कळवण्यात आले. असंख्य वस्तूंची नीट नोंदच नव्हती. आहे ते गेले हे कळायला एवढी वर्षे, तर नव्हते ते आले हे कळायला किती? त्रैराशिक मांडून पाहावे.

भिंतीवरच लावायची हौस असेल तर चित्रापेक्षा शेजारच्या पाटीवर मेहनत घ्यावी. प्रेक्षक आधी पाटी वाचतो, मग चित्राकडे बघून मान डोलावतो. बँक्सीने २००५मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये बाजाराची ढकलगाडी हाकणारा आदिमानव रंगवलेला एक दगड गुपचूप लावला, सोबत संग्रहालयाच्या थाटातली माहिती. तो काही दिवस सुखेनैव राहिला. २०१८मध्ये संग्रहालयाने तोच दगड स्वतःहून एका प्रदर्शनात मांडला. गोंद मात्र चांगला वापरावा. २००३मध्ये टेट ब्रिटनमध्ये बँक्सीचेच चित्र काही तासांत खाली पडले होते. खिळे ठोकायचे तर तेही जपून : म्युनिकच्या एका संग्रहालयातल्या कर्मचाऱ्याने २०२४मध्ये स्वतःचे चित्र भिंतीवर टांगले, तर नोकरी गेलीच, वर भिंतीला दोन भोके पाडल्याबद्दल पोलिसांत तक्रार.

खरे चित्र काढून नक्कल लावण्याचा मार्ग बुद्धिमानांना मोह घालतो. त्यांनी शियाओ युआन यांचे स्मरण ठेवावे. हे ग्वांगजोऊच्या ललितकला अकादमीचे मुख्य ग्रंथपाल. २००४ ते २००६ या काळात त्यांनी संग्रहातली १४३ चित्रे घरी नेली आणि त्यांच्या जागी स्वतः काढलेल्या नकला ठेवल्या. चि बाइशी, झांग दाच्येन, कोणालाही सोडले नाही. त्यांतली १२५ चित्रे लिलावात गेली आणि ३ कोटी ४० लाख युआन आले. सगळे सुरळीत चालले असताना त्यांच्या ध्यानात आले की आपण ठेवलेल्या नकलाही कोणीतरी चोरल्या आहेत आणि तिथे दुसऱ्याच हातच्या नकला आहेत. हे त्यांनी २०१५मध्ये न्यायालयात सांगितले, आणि त्या नव्या नकला आपल्यापेक्षा हलक्या दर्जाच्या होत्या, असेही सांगितले. चोरावर मोर म्हणतात तो हा. आरोपीच्या पिंजऱ्यातही माणसातला कलावंत जागा राहतो, तो असा.

हे सगळे हौशी लोकांसाठी. धंदेवाईक माणूस माल लपवत नाही, संग्रहालयालाच विकतो. तामिळनाडूतल्या श्रीपुरंदान गावच्या देवळातून गेलेला कांस्य नटराज कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८मध्ये सुमारे ५० लाख डॉलरना खरेदी केला, न्यूयॉर्कच्या सुभाष कपूर यांच्याकडून. मूर्ती भारतातून फार पूर्वीच, १९७२चा पुरावशेष कायदा यायच्या आत बाहेर पडली, अशी कागदपत्रे सोबत होती. कागद खोटे होते, पण फाइलीत व्यवस्थित लावलेले होते. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने काढलेल्या जुन्या छायाचित्रांत मात्र मूर्ती देवळातच उभी होती. २०१४मध्ये ती भारतात परतली. तोवर काही वर्षे दिव्यांच्या झोतात, शाळेच्या सहलींसमोर ती लपलेली होती.

आता शेवटची सूचना, इटलीतल्या पिआचेन्झा गावची. तिथल्या रिच्ची ओद्दी कलादालनातून फेब्रुवारी १९९७मध्ये क्लिम्टने काढलेले एका तरुणीचे चित्र नाहीसे झाले. चौकट छपरावर सापडली, चित्र नाही. जवळजवळ तेवीस वर्षे शोध चालू होता. डिसेंबर २०१९मध्ये कलादालनाच्या बाहेरच्या भिंतीवर माजलेली वेल काढताना तिच्याखाली एक लोखंडी झडप दिसली. आत कोनाडा, कोनाड्यात काळी प्लास्टिकची पिशवी, पिशवीत ती तरुणी. सगळा काळ तिथेच होती की मागाहून कोणी आणून ठेवली, यावर अजून वाद आहे. कोनाडा कसा निवडावा, झडप कशी असावी, वेल किती वाढू द्यावी, याबाबतीत ही जागा आदर्श मानावी लागेल.

उघडकीला आणले ते पोलिसांनी नाही, तज्ज्ञांनीही नाही. बागेच्या माळ्याने. तेव्हा चित्र माळ्यावर ठेवू नये, हे वर सांगितलेच. ते माळ्यापासूनही जपावे.