कूलर बंद करा, रेकॉर्डिंग आहे

पुलगावात रेकॉर्डिंग करायचं तर सरगम नंतर शिकली तरी चालते, रेल्वेचं वेळापत्रक आधी पाठ लागतं. मुंबई-हावडा मार्गावरचं गाव आमचं. प्रवासी गाड्यांचं एक बरं आहे. त्यांची वेळ छापलेली असते, त्यामुळे निदान त्या वेळेला तरी त्या येणार नाहीत याची खात्री असते आणि तेवढ्यात एक अंतरा उरकून घेता येतो. मालगाडीचा मात्र नेम नाही. गायक तार षड्जावर जाऊन पोचला, की कोळशाची लांबलचक मालगाडी नेमकी तेव्हाच वर्धा नदीच्या पुलावर चढते. एकेकाळी कापूस गिरणीचा भोंगा गावाला उठवायचा, आर्वीला जाणारी नॅरोगेजची छोटी गाडी रमतगमत निघायची. गिरणी बंद पडली, छोटी गाडीही थांबली. दोन आवाज कमी झाले म्हणून माझ्यासारख्याने हायसं वाटून घ्यावं, तर दोघांची कसर एकट्या डीजेने भरून काढली.

मी संगीतावर लिहितो आणि लोकांची गाणी, जाहिराती ध्वनिमुद्रित करून देतो. लिहिण्याबद्दल दिवाळी अंकाची एक प्रत घरपोच येते. किराणा दुसऱ्या कामावर चालतो. हे दुसरं काम म्हणजे काय, ते ऐकायचं तर गावातल्या कुठल्याही ऑटोच्या मागे चालत जा. साड्यांच्या महासेलचा तो हर्षोल्हासित आवाज आमच्याच खोलीतला. मालमत्ता कर भरा नाहीतर जप्ती येईल, हे बजावणाराही तोच. दोन्हींत फरक इतकाच, की साडीला मागे शहनाई असते.

गिऱ्हाईक कोणतंही असो, मागणी एकच. ‘इको टाका.’ लष्कराच्या डेपोतल्या निवृत्तीच्या समारंभासाठी हिंदी गाणं हवं असणारे सुभेदारसाहेब असोत, नाहीतर बारशाचा पाळणा रेकॉर्ड करायला आलेल्या मावशी असोत, आवाज दरीतून आल्यासारखा वाटला पाहिजे. पाळण्यातलं पोर इतक्या लांबून हाक आल्यावर झोपेल कसं, हा प्रश्न मी गिळतो.

निवडणूक आली की सुगी. प्रत्येक उमेदवाराला गाणं हवं आणि चाल चालू हंगामातल्या गाजलेल्या गाण्याचीच हवी. एकाच प्रभागातले दोन प्रतिस्पर्धी एकाच चालीसाठी, एकमेकांना कळू न देता, लागोपाठच्या संध्याकाळी येऊन गेल्याचं मी पाहिलं आहे. खरी अडचण आडनावाची. दोन अक्षरी आडनाव समेवर झकास बसतं. पाच अक्षरी आडनावाचा उमेदवार कितीही लोकप्रिय असला तरी मात्रांत मावत नाही. मग त्याला ‘भाऊ’ करावं लागतं. विदर्भात इतके ‘भाऊ’ राजकारणात का, याचं उत्तर राज्यशास्त्रवाले शोधत असतील. केरव्याचा ठेका त्यांनी एकदा मोजून पाहावा.

पण खरी परीक्षा मे महिन्यात. पारा ४५च्या वर, खोलीच्या भिंतींना गोधड्या ठोकलेल्या, खिडकीत कापूस कोंबलेला आणि कूलर बंद. कूलरची घरघर कानाला सवयीने ऐकू येत नाही. मायक्रोफोनला सवय नसते, तो सगळं ऐकतो. अशा भट्टीत एकदा खंजिरी भजनाची मंडळी आली. तुकडोजी महाराजांच्या मोझरीपासून आम्ही फार लांब नाही, त्यामुळे खंजिरी इथे रक्तात आहे. खंजिरीवाले काका मायक्रोफोनला खेटून बसले. पहिल्या थापेलाच मीटरचा काटा लाल रेषेपलीकडे गेला.

‘काका, जरा मागं सरकता का?’

‘मागं सरकलो त आवाज जाईन कसा? अन् कूलर काहून बंद केला बाप्पा?’

‘त्याचा आवाज येतो ना रेकॉर्डिंगमध्ये.’

‘येऊ दे ना. देवाले काय मालूम नायी का, वर्ध्यात ऊन हाय म्हणून?’

या युक्तिवादाला कुठल्याही साउंड इंजिनिअरिंगच्या पुस्तकात उत्तर नाही. काकांना दाराशी बसवलं, कूलर बंदच ठेवला. पण त्यांचं म्हणणं डोक्यात राहिलं. कारण त्यांच्या बाजूने बोलणारा एक मोठा माणूस आमच्याच मुलखातला आहे.

धामणगाव, चांदूर, बडनेरा ओलांडलं की अमरावती. केशवराव भोळे १८९६ साली तिथे जन्मले. डॉक्टरी शिकायला गेले आणि गाण्यात रमले. ‘एकलव्य’ या टोपणनावाने त्यांनी ‘वसुंधरा’ साप्ताहिकात गायकांवर लिहिलं, तेही हातचं न राखता. नंतर ‘प्रभात’ फिल्म कंपनीत ते स्वतःच संगीत दिग्दर्शक झाले: ‘अमृतमंथन’, ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’. टीकाकाराने स्वतःच पेटी पुढे ओढून बसणं, ही आपल्याकडे दुर्मीळ घटना. आणि १९३७च्या ‘कुंकू’त पार्श्वसंगीत ठेवलंच नाही. प्रसंगामागे व्हायोलिनं रडत नाहीत. घरात जे खरोखर वाजतं तेच ऐकू येतं. संगीत दिग्दर्शक हाताशी असताना संगीत काढून घ्यायचं आणि आवाजांना बोलू द्यायचं, याला कान लागतो आणि छातीही लागते.

लिहिणं आणि ध्वनिमुद्रण हे दोन धंदे एकमेकांना कसे वळण लावतात, ते मला केशवरावांकडे पाहून उमगलं. पूर्वी माझ्या लेखांत गायकाचा आवाज ‘धीरगंभीर’, ‘आर्त’ आणि ‘काळजाला भिडणारा’ असायचा. हेडफोन लावून तोच आवाज दिवसभर ऐकू लागल्यावर कळलं, की गायक श्वास कुठे चोरतो, शब्द कुठे खातो, सुरावर येण्याआधी किंचित कुठून डोकावतो. एवढं दिसल्यावर विशेषणांची गरज राहिली नाही. लेखही आखूड झाले. संपादक म्हणतात, लेखन परिपक्व झालं. आणि उलटही झालं. लेखनामुळे मी ध्वनिमुद्रणात घाईने कापाकापी करत नाही. काकांच्या भजनात दुसऱ्या कडव्यानंतर लांबून रेल्वेची शिट्टी आहे. ती पुसणं एका बटणाचं काम होतं. पुसली नाही. भजन पुलगावचं आहे, शिट्टीही पुलगावचीच.

तेव्हा पुलगावकरांना एक विनंती. दुपारी आमच्या दाराबाहेर चपलांचा ढीग दिसला, तर बेल वाजवू नका, मेसेज टाका. काम असेल तर खुशाल या, साडीचं आणा, भजनाचं आणा, निवडणुकीचं आणा. आडनाव लांब असलं तरी निभावून नेऊ. फक्त इको मागू नका.